सीटची शासनमान्य उंची

यज्ञेश्वर मुळ्ये याची उंची पाच फूट दोन इंच होती आणि शासनाची तिच्याबद्दल काहीही हरकत नव्हती. तशी नोंद सेवापुस्तिकेत होती, नोंदीखाली सही होती आणि सहीवर शिक्का होता. हरकत होती ती सायकलीची. नदीकाठ सुविधा उपविभागाने त्याला दिलेल्या काळ्या सायकलीची सीट जमिनीपासून सदतीस इंचांवर होती, आणि तिच्यावर बसलं की यज्ञेश्वरचे पाय पेडलपर्यंत पोचायच्या आधीच संपत.

काम तसं साधं होतं. नानाखेड्याच्या कचेरीतून सकाळी निघायचं, रामघाटावर जायचं, तिथल्या पायरीवर रंगवलेल्या पट्टीवर क्षिप्रेचं पाणी कितव्या आकड्याला लागलंय ते बघायचं, वहीत लिहायचं आणि परत यायचं. या पदाला पातळीवाचक म्हणत. नदीत पाणी असो वा नसो, पातळी ही असतेच, या तत्त्वावर उपविभाग पंचवीस वर्षं चालला होता. यज्ञेश्वरची स्वतःची सायकल मुलगी अमृता कॉलेजला नेत असे, आणि नेत नसती तरी उपयोग नव्हता, कारण शासकीय पातळी शासकीय वाहनानेच वाचावी असा नियम होता.

या सायकली ब्याण्णवच्या सिंहस्थासाठी घेतलेल्या. तेव्हा पंचवीस होत्या. मेळ्याच्या गर्दीत त्यातल्या दोन सायकलींच्या सीटा कोणीतरी काढून नेल्या. मोक्षासाठी आलेल्या माणसाला सायकलीची सीट कशाला लागावी, यावर रीतसर चौकशी झाली आणि निष्पन्न काही झालं नाही. मात्र खबरदारी म्हणून भांडारपाल श्रीधर याने उरलेल्या तेवीस सीटांच्या नटांना तार बांधून वर शिशाचं सील ठोकलं. ज्या सायकलीची सीट त्या दिवशी ज्या उंचीवर होती, ती त्या उंचीवर कायम झाली. सील तोडणं म्हणजे शासकीय मालमत्तेत हस्तक्षेप, आणि हस्तक्षेप म्हणजे निलंबन.

तेव्हा यज्ञेश्वर तसाच जायचा. डावं पेडल खाली गेलं की सगळं अंग डावीकडे, उजवं गेलं की उजवीकडे, पोळी लाटावी तसा तो सीटवर स्वतःला लाटत रामघाट गाठायचा. जमिनीला पाय टेकणं अशक्यच होतं, त्यामुळे वाटेत थांबता येण्याजोग्या जागा त्याने हेरून ठेवल्या होत्या: फाटकाजवळचा मैलाचा दगड, महाकालच्या वळणावर फुलवालीचा ओटा, आणि अशाच आणखी चार. मधेच कोणी हाक मारली तर तो न थांबता "अहो, दगड येऊ द्या" असं ओरडत पुढे जाई आणि माणूस बिचारा मागून धावत येई. वीस मिनिटांच्या वाटेला चाळीस मिनिटं लागत. निघताना चढवून द्यायला मात्र मधुकर असे. मधुकर उपविभागाचा निरोप्या, सहा फूट एक इंच, स्वभावाने गाय. तो रोज सकाळी सायकल धरून उभा राही, यज्ञेश्वर पायरीवरून तिच्यावर चढे, आणि मधुकर हलकेच ढकलून देई.

वर्षभरात यज्ञेश्वरचा उजवा गुडघा सुजला. डॉक्टरांनी सांगितलं, सीट खाली घ्या, नाहीतर एक दिवस गुडघा जाईल. नानाखेड्याचा मिस्त्री तर हसलाच. "एड़ी पैडल पे रखो बाबूजी. टाँग सीधी हो जाए, बस, वही आपकी सीट. एक मिनट का काम है." एवढं बोलून तो पाना घेऊन वाकला, त्याला सील दिसलं आणि तो पुन्हा सरळ झाला. "सरकारी है? फिर तो साल भर का है."

मिस्त्रीचा अंदाज थोडा कमीच निघाला.

यज्ञेश्वरने अर्ज केला. विषय, सीट दोन इंच खाली घेण्याबाबत. कारण, आरामात बसता येत नाही. अर्ज भय्यासाहेबांपुढे गेला. भय्यासाहेब हे उपविभागाचे प्रमुख. त्यांचे पूर्वज सरदारांच्या पागेचा कारभार बघत, आणि घोडे जाऊन दीडशे वर्षं झाली तरी भय्यासाहेबांच्या बोलण्यातून ते पुरते गेलेले नव्हते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला आणि यज्ञेश्वरला खुर्ची दिली नाही.

"आराम?" ते म्हणाले. "आरामासाठी शासन सायकल देत नाही, मुळ्ये. आरामासाठी शासन रविवार देतं."

यज्ञेश्वरने गुडघ्याचं सांगितलं. त्यावर भय्यासाहेबांनी त्याला समजावलं की त्यांच्या पणजोबांच्या काळी घोडा उंच पडला म्हणून कोणी घोड्याचे पाय कापत नसे, त्या घोड्याजोगा स्वार शोधत. आता नवा स्वार शोधणं शासनाला कठीण नाही, पण आपण माणुसकीने वागतोय, हे मुळ्यांनी लक्षात घ्यावं. शेवटी ते जरा नरमले. "मतलब मी नाही कुठे म्हणतोय? थोडं अ‍ॅडजस्ट करून घ्या नं तोवर." आणि अर्जावर त्यांनी शेरा मारला, आरामाचा प्रश्न या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही, अर्जदाराने कार्यक्षमतेच्या अंगाने पुन्हा मागणी करावी.

ते दिवसच कार्यक्षमतेचे होते. देश मोकळा होत होता. परवाने उठत होते, परदेशी थंड पेयं फ्रीगंजच्या पानपट्टीवर येऊन पोचली होती, आणि रोजच्या पेपरात लिहून येई की आता कोणालाही कशासाठीही परवानगी मागावी लागणार नाही. हा पेपर यज्ञेश्वर आपल्या परवानगीची वाट बघत भय्यासाहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून वाचत असे. त्याच वाऱ्यात उपविभागात कार्यक्षमता कक्ष उघडला. कक्षात एक कॉम्प्युटर होता, कॉम्प्युटरला धुळीपासून वाचवायला झालर लावलेलं कव्हर होतं, आणि कव्हर काढण्याचा अधिकार फक्त विक्रांतला होता. विक्रांत अठ्ठावीस वर्षांचा, पुण्याहून व्यवस्थापन शिकून आलेला, मे महिन्यात टाय लावून येई आणि घामाला 'फीडबॅक' म्हणे.

विक्रांतने पहिलं काम हे केलं की स्वेच्छानिवृत्तीची यादी करायला घेतली. ज्यांना कामाला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागतो त्यांनी स्वेच्छेने निवृत्त व्हायचं होतं. ज्यांची स्वेच्छा नसेल त्यांच्यात ती निर्माण करण्याची जबाबदारी कक्षाकडे होती. वीस मिनिटांच्या वाटेला चाळीस मिनिटं घेणारा यज्ञेश्वर मुळ्ये यादीत पहिला लागला.

आता गोष्ट गुडघ्यापुरती राहिली नाही. यज्ञेश्वरच्या नोकरीची अकरा वर्षं शिल्लक होती, अमृताचं शिक्षण अर्ध्यात होतं, आणि पातळी वाचण्याखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं. तो भीत भीत विक्रांतपुढे उभा राहिला आणि म्हणाला की सीट खाली आली तर मी वीस मिनिटांत पोचतो. विक्रांत खुर्चीतून उठला. एवढ्या कळकळीने त्याच्याशी त्या इमारतीत कोणी बोललंच नव्हतं. सायकल ही माणसाच्या मापाची हवी, पायाच्या लांबीवरून सीटची उंची काढायचं शास्त्र आहे, परदेशात लोक यावर पुस्तकं लिहितात, असं त्याने फळ्यावर आकृती काढून सांगितलं. यज्ञेश्वरला वाटलं, देव भेटला.

पण देवालाही नियम होते. एकट्या मुळ्यांची सीट बदलली तर तो पक्षपात ठरला असता. म्हणून तेवीसही कर्मचाऱ्यांच्या पायांचं माप घ्यायचं, त्याची सरासरी काढायची आणि त्या एका उंचीवर सगळ्या सीटा आणायच्या, असं ठरलं. यज्ञेश्वरने विचारलं की सरासरी पाय कोणाचा असतो. विक्रांतने प्रेमाने सांगितलं की तो संस्थेचा असतो.

मापं व्हरांड्यात घेतली गेली. टेप भांडारातला होता आणि त्याचे पहिले दोन इंच कधीच तुटून गेले होते, त्यामुळे तो दोनपासून सुरू होई आणि प्रत्येक पाय दोन इंच लांब भरे. हे श्रीधरला माहीत होतं. परंतु भांडाराच्या नोंदीत टेप अखंड होता, आणि नोंदीपेक्षा टेपवर विश्वास ठेवणारा भांडारपाल फार दिवस टिकत नाही. भय्यासाहेब जीपने फिरत, तरी प्रमुखांना वगळणं बरं दिसेना. त्यांच्या पायाला टेप लावण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती, म्हणून त्यांनी तोंडी सांगितलं ते लिहून घेतलं. त्या हिशेबाने भय्यासाहेबांना कमरेच्या वर जेमतेम फूटभर अंग उरत होतं. विक्रांतने सगळे आकडे कॉम्प्युटरला दिले. कॉम्प्युटरने आकडा सांगितला, एकोणचाळीस इंच.

श्रीधरने एका दिवसात, घरून आणलेल्या अखंड टेपने मोजून, तेवीसही सीटा एकोणचाळीस इंचांवर नेल्या आणि पुन्हा सीलं ठोकली. दोन इंच खाली मागणाऱ्या यज्ञेश्वरची सीट दोन इंच वर गेली. ती उंची उपविभागात एकाच माणसाला तंतोतंत बसली. तो मधुकर. बाकीचे बावीस जण लाटत निघाले.

यज्ञेश्वर तक्रार घेऊन गेला तेव्हा विक्रांतला वाईट वाटलं. त्याने आलेख दाखवला. आलेखावर मधोमध एक डोंगर होता आणि डोंगराच्या पायथ्याशी, अगदी कडेला, एक ठिपका होता. तो ठिपका म्हणजे तुम्ही, असं तो म्हणाला. सीट आता शास्त्रोक्त आहे, तेव्हा उरलेला दोष सीटमध्ये असू शकत नाही. तरीही शेवटची संधी म्हणून यज्ञेश्वरची चाचणी घेतली जाईल, नानाखेडा ते रामघाट, वीस मिनिटांत. नाही जमलं तर निवृत्तीच्या कागदावर सही. चाचणीचा दिवस सोमवार ठरला होता, मग कोणाच्या तरी लक्षात आलं की श्रावण आहे, महाकालची सवारी निघते आणि रस्ते बंद होतात. मंगळवार ठरला.

मंगळवारी सकाळी यज्ञेश्वर आंघोळ करून बाहेर आला तर अंगणात त्याची बायको कल्पना, चाचणीसाठी आदल्या संध्याकाळी घरी आणलेल्या शासकीय सायकलीपाशी वाकली होती. एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात शेजारून आणलेला पाना. तार सुटलेली होती.

"कल्पना, ते शासकीय सील आहे."

"होतं," कल्पना म्हणाली. "या इकडे. टाच ठेवा पेडलवर."

बायको पाना घेऊन उभी असताना वाद घालण्याची यज्ञेश्वरची रीत नव्हती. त्याने टाच ठेवली. सीट उतरत उतरत पस्तीस इंचांवर आली तेव्हा त्याचा पाय सरळ झाला. कल्पनाने नट आवळला, तार होती तशी पिळली, शिसं पकडीने दाबून बसवलं आणि पदराला हात पुसले. कोण बघायला जातंय, असं ती म्हणाली. यज्ञेश्वरने सायकल किंचित कलती केली. डाव्या पायाची बोटं जमिनीला लागली. दोन वर्षांनी पहिल्यांदा तो सायकलीवर बसून जमिनीवर होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लाज वाटून त्याने ते घाम पुसल्यासारखं पुसलं.

त्या दिवशी रामघाटावर विक्रांत घड्याळ घेऊन उभा होता, शेजारी भय्यासाहेब निवृत्तीचा कागद घेऊन. यज्ञेश्वर सतरा मिनिटांत पोचला. वाटेत एकाही दगडापाशी तो थांबला नव्हता. फुलवालीने ओट्यावरची टोपली सवयीने बाजूला सरकवली होती, तिला त्याने चालत्या सायकलीवरून हात केला. गुडघा दुखला नाही. एका पंड्याने यजमानाचा संकल्प मधेच थांबवून विचारलं की काय झालं, आणि विक्रांतने त्याला उत्तर दिलं, "सायंटिफिक मॅनेजमेंट." पंड्याने तेही संकल्पात घातलं असावं.

विक्रांतचा आनंद गगनात मावेना. सरासरी यशस्वी झाली होती. आदर्श सायकल म्हणून यज्ञेश्वरची सायकल कक्षात आणली गेली, अहवालासाठी श्रीधरच्या त्याच घरच्या टेपने तिची मापं घेतली गेली, आणि सीट भरली पस्तीस इंच. पुन्हा मोजली, पुन्हा पस्तीस.

कक्षाचं दार लावून तिघं बसले, आणि यज्ञेश्वर कोपऱ्यात उभा. सील कोणी तोडलं म्हणावं तर श्रीधर अडकत होता, कारण सील शाबूत असल्याचं साप्ताहिक प्रमाणपत्र त्याच्या सहीचं होतं. पायांची मापं चुकली म्हणावं तर विक्रांत अडकत होता. एकोणचाळीसचा आदेश चुकला म्हणावं तर त्यावर भय्यासाहेबांची सही होती. यज्ञेश्वर मनात म्हणत होता, आता विचारतील, आता विचारतील, आणि विचारलं की सांगून टाकायचं, दोन वर्षं जे जे झालं ते सगळं. पण त्याला कोणी काही विचारलंच नाही.

शेवटी विक्रांतला सुचलं. मोकळ्या अर्थव्यवस्थेचं तत्त्वच असं आहे, तो म्हणाला, की प्रत्येक वस्तू आपली योग्य पातळी आपणच शोधते. सीटही वापरता वापरता आपोआप खाली सरकत गेली आणि शास्त्राला अभिप्रेत अशा नेमक्या उंचीवर येऊन थांबली. सीलला धक्का न लावता. भय्यासाहेबांनी मान डोलावली. जातिवंत घोडाही स्वाराला असाच सांभाळून घेतो, असं त्यांच्या घरात सांगत. बाकीच्या बावीस सीटाही कधी ना कधी तिथेच येतील, पण देशाला थांबायला वेळ नाही. तेव्हा त्या पस्तीसवर आणाव्यात, आणि पुन्हा भटकू नयेत म्हणून सगळ्या वेल्डिंग करून टाकाव्यात, असं एकमताने ठरलं.

फक्त एक साक्षीदार हवा होता. कागद यज्ञेश्वरपुढे सरकवला गेला. सायकलीची सीट वापराच्या ओघात आपोआप पस्तीस इंचांवर स्थिर झाल्याचे मी समक्ष पाहिले आहे. दुसऱ्या हाताशी निवृत्तीचा कागद होताच. यज्ञेश्वरने पहिल्यावर सही केली. विक्रांतने दुसरा फाडून टोपलीत टाकला आणि त्याचं अभिनंदन केलं.

आठवड्याभरात तेवीस सायकली वेल्डिंग होऊन आल्या. यज्ञेश्वरचं आयुष्य सुखाचं झालं. गुडघ्याची सूज उतरली, तो सकाळी शीळ घालत रामघाटावर जाई. दसऱ्याला कक्षाने त्याचा नारळ देऊन सत्कार केला, तेव्हा त्याने चार शब्दही बोलून दाखवले. व्यवस्था आपली वाईट नाही, जरा धीर धरावा लागतो, असं तो म्हणाला. टाळ्या पडल्या, आणि खोटं बोलल्यासारखं त्याला वाटलं नाही.

दिवाळीनंतर मधुकर त्याच्या घरी आला. येताना तो सायकल हातात धरून चालत आला होता. पस्तीस इंचांवर बसलं की त्याचे गुडघे हँडलवर आपटत, म्हणून त्याने ते बाहेर फाकवून चालवायला सुरुवात केली होती, आणि असं चालवताना त्याला एका टेम्पोने घासलं होतं. कोपरावर पट्टी होती. निरोप पोचायला आता दुप्पट वेळ लागत होता. नव्या यादीत त्याचं नाव पहिलं होतं. तीन दिवसांनी सही करायची होती.

कल्पनाने पाणी दिलं. सायकलीकडे बघून ती आत जायला निघाली होती, पण वेल्डिंगवर पक्कड चालत नाही हे तिच्या लक्षात आलं आणि ती दारातच थांबली.

"मुळ्येजी, तुम्ही समजदार आहात," मधुकर म्हणाला. "सीट कधी आपोआप उतरते का? तुम्ही फक्त एवढं लिहून द्या नं, की आपोआप उतरली नव्हती. मतलब दुसरं काही नको."

यज्ञेश्वरने मधुकरच्या पट्टीकडे बघितलं, मग दारातल्या कल्पनाकडे. कल्पना त्याच्याकडेच बघत होती. त्याला खरोखर वाईट वाटत होतं. पण सहीचा कागद आता मोठ्या कचेरीत गेला होता, अमृताची परीक्षा जवळ आली होती, गुडघा नुकता कुठे बरा झाला होता. आणि खरं सांगायचं तर, अडीच-तीन महिने रोज बसून बसून, त्या सीटमध्ये काही चूक आहे हे त्याला मनापासून पटेना.

"अर्ज करून बघा," तो म्हणाला. "आरामासाठी असं लिहू नका, कार्यक्षमतेसाठी लिहा. आणि तोवर थोडं मागे सरकून बसत जा. सवय होते, मधुकर. मलाही वेळ लागला होता."

मधुकरने पाणी संपवलं, पेला नीट खाली ठेवला आणि सायकल घेऊन निघाला. कल्पना त्या दिवशी यज्ञेश्वरशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली, कारण घर चालवायचं होतं.

यज्ञेश्वर वाईट माणूस होता असं इथे कोणाला सुचवायचं नाही. त्याच्या जागी आपण असतो तर खरं लिहून दिलं असतं, असं वाटणारे वाचक पुष्कळ असतील. त्यांनी ही गोष्ट बहुधा पाय जमिनीला नीट टेकवून, पाठ मागे रेलून, एखाद्या बेताच्या उंचीच्या खुर्चीत बसून वाचली असेल. ती खुर्ची आपल्या मापाला आपोआप आली, अशा कागदावर त्यांचीही सही कुठेतरी फाइलला लागलेली आहे.